पाणी भरपूर प्यायला, तरी चक्कर!

चैत्र लागला की खानदेशातून वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. पारा चाळिशीच्या वर, पायाखाली तापलेला डांबरी रस्ता आणि शेवटी गडाची चढण. आमचा दवाखाना त्याच वाटेवर. त्या दिवसांत पायाला फोड आलेली आणि उन्हाने गळालेली माणसे हेच आमचे रुग्ण.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी चौघांनी एका पंचविशीतल्या तरुणाला उचलून आणले. डोके ठणकत होते, उलट्या चालू, बोलणे असंबद्ध. ऊन लागले असणार असे समजून मी ग्लुकोजची बाटली लावायला सांगितलीसुद्धा. तेवढ्यात त्याचा मित्र म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पाणी तर वाटभर पाजलं हो! तासाला दोन-दोन बाटल्या." मी थबकलो. पाहतो तर जीभ ओली, अंगात ताप नाही, बोटे सुजून अंगठी रुतलेली. त्यात उपास, म्हणजे सकाळपासून नुसते पाणी. बाटली बाजूला ठेवली आणि त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्तातले सोडियम ११८ निघाले. ते १३५ ते १४५ हवे. तिसऱ्या दिवशी तो सावरला. ती ग्लुकोजची बाटली अंगात गेली असती तर सोडियम आणखी उतरले असते, हे आठवले की आजही मला घाम फुटतो.

घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. आपण भरून काढतो ते फक्त पाणी. शिवाय अंगमेहनतीच्या वेळी शरीर पाणी राखून ठेवू पाहते, त्यामुळे जादा पाणी लघवीवाटे लवकर निघत नाही. रक्तातले मीठ विरळ होते आणि मेंदूला सूज येते. २००२ साली अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांत सोडियम कमी आढळले.

म्हणून पाणी तोडा असे मी मुळीच म्हणत नाही! बहुतेकांना त्रास होतो तो पाणी कमी पडल्यानेच. जीभ कोरडी, लघवी थोडी आणि गडद पिवळी झाली तर पाणी हवेच. पण ते तहानेप्रमाणे, घोट घोट घ्यावे. चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर साधारणपणे पुरते. चढणीवर, कडक उन्हात थोडे अधिक. सोबत मीठ पोटात जाऊ द्या: मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत, भाकरी-लोणचे, खारे शेंगदाणे. उपास असेल तर ताकात सैंधव चालते, देवीची हरकत नसावी! जलसंजीवनीचे पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ अंदाजाने मूठभर टाकू नका. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल, लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, त्यांना आठवणीने पाजावे लागते.

पोट डुचमळतेय, मळमळतेय, बांगड्या-अंगठ्या घट्ट झाल्या, डोके दुखतेय असे झाले तर पाणी थांबवा, सावलीत बसा, काही खारट खा. आणि कोणी बरळू लागला तर तोंडात पाणी ओतू नका. अंग तापलेले असेल तर ते पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा. तो किती पाणी प्यायला, हे तिथल्या डॉक्टरांना न विचारता सांगा.