भाडेवसुलीचा जिना

कुवेत शहराच्या पूर्व टोकाला, जिथे आखाताचा किनारा वळसा घेतो आणि निळ्या-हिरव्या टिकल्यांनी मढवलेले कुवेत टॉवर्स 1979 पासून लोकांसाठी खुले आहेत, तिथे दस्मान ही लहानशी वस्ती आहे. आणि संरक्षण या विषयाशी या भूमीचा संबंध फार जुना आहे. 1920 साली वाळवंटातून नजदच्या इख्वान टोळ्यांची स्वारी येणार अशी वार्ता पसरली, तेव्हा नगरवासीयांनी भर उन्हाळ्यात स्वतः माती वाहून काही महिन्यांत शहराभोवती तट उभारला. 1957 मध्ये तो पाडण्यात आला, परंतु त्याच्या वेशी स्मारक म्हणून राखल्या गेल्या आणि त्यांतील एक दस्मानच्या नावाने ओळखली जाते. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी सैन्य चालून आले तेव्हा येथल्या दस्मान राजवाड्यापाशी घनघोर चकमक झाली आणि अमिरांचे बंधू शेख फहद अल-अहमद तिथेच धारातीर्थी पडले. आज या वस्तीत रात्री उशिरापर्यंत बायकामुले समुद्रकाठी निर्धास्त हिंडतात. तरीही घरमालकाच्या आणि त्याच्या माणसांच्या जिवाची काळजी हा विषय मी दस्मानमध्ये बसून लिहितो आहे, कारण मिळकतीचे दस्तऐवज ज्या कपाटात असतात ते कपाट येथील कचेरीत आहे, आणि त्याच मिळकतींचे जिने मात्र जलीब अल-शुयूख, खैतान, महबूला अशा दाट वस्त्यांत आहेत.

या देशात स्थावर मिळकत विकत घेण्याची मुभा हिंदी माणसाला नाही. त्यामुळे मालक कुवेती, इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, बहुधा मिसरी किंवा बांगलादेशी, भाडेकरू हिंदी, नेपाळी, फिलिपिनो अशा नाना देशांचे, आणि या साऱ्यांमध्ये कागद, पावत्या व निरोप घेऊन चढ-उतार करणारा मंदूब पुष्कळदा आपल्याकडचा, अशी ही रचना आहे. मीही तोच व्यवसाय करतो. मुंबईशी या व्यवहाराचे नाते जुने आहे: 1961 पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालत असे, आणि मरीन ड्राइव्हवर अल-सबाह कोर्ट नावाची जी इमारत दिसते ती कुवेतच्या राजघराण्याची मिळकत आहे. गिरगावातल्या चाळीत महिन्याच्या आरंभी पावतीपुस्तक घेऊन फिरणारा मेहता ज्याने पाहिला आहे, त्याला आमचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की गिरगावात मेहत्याला तीन पिढ्या ओळखत असत. येथे दोन वर्षांत अर्धी इमारत बदलते, आणि मागच्या महिन्यात ज्याने चहा पाजला तो या महिन्यात मायदेशी परतलेला असतो.

या कामातला धोका कुठून उद्भवतो, याविषयी बाहेरच्या माणसाची कल्पना बहुधा चुकीची असते. त्याला वाटते, काळोख्या गल्लीतला चोर हाच आमचा शत्रू. चोराचे भय खोटे नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडे घेणाऱ्या माणसाच्या पिशवीत किती दिनार असतील याचा हिशेब वस्तीतल्या कोणालाही करता येतो. परंतु माझ्या पाहण्यात जे जे प्रसंग हातघाईवर आले, त्यांतील बहुतेकांत समोरचा इसम अट्टल गुन्हेगार नव्हता. तो पगार थकलेला, कर्ज काढून परदेशी आलेला आणि सोबत राहणाऱ्यांच्या देखत मान खाली घालावी लागलेला एक साधा कामगार होता. माणूस पैशापेक्षा अपमानाने अधिक लवकर पेटतो. म्हणून आत्मसंरक्षणाचा आरंभ मी मुठीपासून न करता मागण्याच्या रीतीपासून करतो.

जलीबमधल्या एका तीन मजली इमारतीचा जिना माझ्या डोळ्यांसमोर आहे. असरची नमाज झाली आहे, मगरिबला अवकाश आहे, दिवसपाळीचे कामगार परतू लागले आहेत आणि जिन्यात अजून पुरेसा उजेड आहे. ही वेळ आम्ही हेतुपुरस्सर निवडतो. पुढे हारिस, ज्याला वयामुळे सगळे हाजी म्हणतात, आणि मागे मी. एकट्याने जायचे नाही, हा पहिला दंडक. दरवाजाशी पोहोचल्यावर हाजी प्रथम खाली पाहतो, कारण उंबऱ्याबाहेरच्या चपला-बूट मोजले की आत किती माणसे आहेत हे कळते; करार चौघांचा आणि पादत्राणे अकरांची असली, तर आत पोटभाडेकरू ठेवले आहेत एवढा बोध होतो आणि संभाषण कोणत्या वळणाने जाईल याचा अंदाजही येतो. मग तो दार ठोठावतो आणि चौकटीसमोर उभा न राहता बाजूला, भिंतीलगत, दोन पावले मागे सरकतो. या दोन पावलांत पुष्कळ काही आहे. दार उघडणाऱ्याला आपली वाट अडवली गेल्याचा भास होत नाही, आतून कोणी वेगाने बाहेर आला तर धक्का लागत नाही, आणि जिन्याच्या पायऱ्या पाठीशी न राहता कडेला राहतात. कठड्याकडे पाठ करून उभे राहू नये हे हाजीने मला न बोलता, नुसते दंडाला धरून बाजूला करून शिकवले. जिन्यावर झटापट झाली तर मारणाऱ्याच्या हातापेक्षा पायरीची धार अधिक इजा करते.

त्या दिवशी दार उघडले ते खेडकडच्या एका तरुणाने. मला पाहताच त्याने आवाज चढवला. "साहेब, कंपनीने दोन महिने पगार दिला नाही. घरी पाठवायला पैसे नाहीत, तुम्हांला कुठून देऊ?" आत बाकीचे खाटांवर उठून बसले होते आणि सर्वांचे डोळे त्याच्यावर होते. मी भाड्याचा शब्दही काढला नाही. "भाऊ, जरा बाहेर ये, तुझ्याशी एकट्याशी बोलायचं आहे," एवढेच म्हटले आणि त्याला जिन्याच्या मधल्या चौकात, खिडकीशी नेले. चार माणसांपुढे ताठ झालेली त्याची मान तिथे सैल झाली. पगार थकल्याची तक्रार मनुष्यबळ खात्याकडे कशी नोंदवावी हे मी त्याला सांगितले, मालकाकडे मुदत मागण्याचे कबूल केले, आणि पुढची भेट त्याच्या दाराशी न ठेवता दस्मानच्या कचेरीत ठेवली. हे औदार्य नव्हे, बंदोबस्त आहे. ज्या दाराशी एकदा आवाज चढला त्या दाराशी त्याच आठवड्यात पुन्हा जाऊ नये.

मुदत देण्याला कायद्याचेही पाठबळ आहे. कुवेतचा भाडेकायदा 1978 चा, क्रमांक 35. त्यानुसार भाडे देय झाल्यापासून वीस दिवसांत न मिळाल्यास मालकाला बेदखलीची मागणी न्यायालयापुढे करता येते, भाडेकरूला बाहेर काढण्याचा अधिकार मात्र न्यायालयाचाच. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्यातही भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे आणि पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी तोडण्यास मनाई आहे. काही मालकांना ही बंधने जाचक वाटतात. माझे मत असे की याच बंधनांनी मालकाच्या माणसांचे प्राण वाचवले आहेत. कारण जो मंदूब कुलूप बदलायला किंवा विजेचा खटका पाडायला जातो तो कायद्याचे कवच स्वतःच्या हाताने काढून ठेवतो आणि मग समोरच्याच्या क्रोधाला एक प्रकारची न्याय्यता प्राप्त होते. मालकाने दूरध्वनीवरून "त्याची वीज तोड" असा हुकूम सोडला, तर तो हुकूम लेखी मागावा. लेखी हुकूम बहुधा येत नाही.

पैशाच्या बाबतीत बोलण्यासारखे आता थोडेच उरले आहे. के-नेट या बँकभरणा व्यवस्थेच्या दुव्यावरून भरणा होऊ लागल्यापासून रोख रकमेची पिशवी पुष्कळ हलकी झाली. जिथे रोख घ्यावीच लागते तिथे ती हाजीच्या खोलीत न ठेवता फेरीच्या मध्यावरच बँकेत भरावी, वार आणि वाट बदलत राहावी, आणि पावती उभ्या उभ्या न लिहिता, दाराकडे तोंड करून लिहावी. कारण मान खाली घालून अंक मांडणारा माणूस त्या क्षणी आंधळा असतो.

काही दारे मात्र अशी असतात की तिथे सौजन्य, कायदा आणि दोन पावलांचे अंतर यांपैकी काहीच पुरत नाही. खिडक्यांना आतून कागद डकवलेले, भाडे मुदतीपूर्वी आणि घासाघीस न करता दिलेले, पाण्याचा वापर अवाजवी, आणि जिन्यात आंबलेल्या साखरेचा वास: अशा घरात चोरट्या दारूची भट्टी असण्याचा संभव फार. या देशात मद्याला बंदी आहे आणि म्हणूनच त्याचा गुप्त धंदा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये विषारी दारूने येथे 23 माणसे दगावली आणि कित्येकांची दृष्टी गेली. अशा दाराशी तपासणीचे शौर्य दाखवू नये. हारिसाने जिना झाडण्याच्या निमित्ताने जेवढे दिसेल तेवढे पाहावे, मंदूबाने वर न जाता खाली यावे, रस्त्यावर येऊन 112 हा क्रमांक फिरवावा, आणि मालकाने आपल्या इमारतीची बदनामी होईल या भयाने त्याला रोखू नये. मालकांचे मौन हे माझ्या मते या वस्त्यांतल्या गुन्हेगारीचे एक मोठे आश्रयस्थान आहे.

धोका रिकामे घर दाखवतानाही असतो. 28 जुलै 1986 रोजी लंडनच्या फुलहॅम भागात घर दाखवण्यासाठी गेलेली सूझी लॅम्प्लू ही पंचवीस वर्षांची तरुणी परत आली नाही. कचेरीतल्या तिच्या रोजनिशीत भेटीची वेळ, पत्ता आणि 'मिस्टर किपर' हे नाव एवढीच नोंद होती. तो मनुष्य कोण, याची शहानिशा कोणी केलेली नव्हती. तिच्या आईने त्याच वर्षी तिच्या नावाने न्यास स्थापन केला, आणि एकट्याने परक्या घरी जाणाऱ्या कामकऱ्यांच्या सुरक्षिततेचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने होऊ लागला. आमच्या कचेरीतील नोंदवही त्या विचाराचीच अनुयायी आहे. रिकामे घर पाहायला येणाऱ्याने प्रथम दस्मानला यावे, आपले नागरी ओळखपत्र दाखवावे, त्याचा क्रमांक वहीत चढावा, आणि मगच किल्ली कपाटातून निघावी. कोणता मंदूब कोणत्या इमारतीत, किती वाजता गेला, किती वाजता परतायचा, हे वहीत लिहिलेले असते, वेळ टळली की कारकून फोन करतो, आणि "निळी फाइल टेबलावर आहे का?" असे उत्तर आले की ताबडतोब पोलिसांना कळवतो. निळी फाइल आमच्याकडे नाही.

आणि इतके करूनही कोणी अंगावर आलाच तर? शस्त्र बाळगण्याचा विचारही करू नये. परवान्यावाचून शस्त्र हा येथे गंभीर गुन्हा आहे, आणि परक्या देशातल्या कामगाराला त्यापायी तुरुंग आणि हद्दपारी दोन्ही भोगावी लागतील. बोटांच्या बेचक्यांत किल्ल्या धरून मारण्याची जी युक्ती तरुण मंडळी एकमेकांना शिकवतात ती निरुपयोगी आहे. पहिल्याच आघातात किल्ली स्वतःच्याच तळहातात रुतते. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे उघडे, त्यांत पुठ्ठ्याची जाड फाइल: ही मुद्रा शांततेची दिसते आणि पहिला फटका अडवायलाही पुरेशी असते. मोठ्याने, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा बोलावे, म्हणजे शेजारची दारे उघडतात. एका हाताने कठडा धरून उतरावे. पायात चप्पल नसावी, नाडीचे बूट असावेत. लिफ्टमध्ये बटणांच्या फळीशी उभे राहावे, आणि मन साशंक झाले तर आत पाऊलच टाकू नये. यात पराक्रम काही नाही. पळून खाली येता येणे हेच या विद्येचे सार आहे.

परंतु मंदूब खाली उतरतो, गाडीत बसतो आणि दस्मानला परततो. हाजी तिथेच राहतो. ज्या भाडेकरूला त्याने नोटीस दिली तोच भाडेकरू रात्री त्याच्या खोलीवरून जातो, आणि ती खोली म्हणजे बहुतेक इमारतींत तळमजल्यावरची, जिन्याखालची, विजेच्या मीटरांशेजारची, एकच दार असलेली जागा. 12 जून 2024 च्या पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला जी आग लागली, जिच्यात सुमारे 50 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली चाळीसहून अधिक भारतीय होती, ती तळमजल्यावरच्या रखवालदाराच्या खोलीतच, विजेच्या दोषामुळे सुरू झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. खोल्या पाडण्यासाठी ज्वालाग्राही पडदे वापरलेले होते; गच्चीचे दार बंद होते. मालकाच्या सुरक्षिततेचे जेवढे उपाय मी वर सांगितले ते सर्व या एका खोलीपाशी येऊन अपुरे पडतात, कारण इमारतीचे रक्षण ज्याच्यावर सोपवले त्याच्याच रक्षणाची तजवीज कोणी केलेली नसते. चोराला अडवण्यासाठी गच्चीला कुलूप घालणारा मालक आगीच्या वेळी स्वतःच्या भाडेकरूंना कोंडतो, हे मंगफने दाखवून दिले आहे, आणि तरीही आजदेखील कुलपे लावलेल्या गच्च्या मला दिसतात.

आमच्या कचेरीने मंगफनंतर आपल्या सर्व मालकांना एक अर्ज लिहिला: हारिसाच्या खोलीतली शेगडी आणि गॅसची टाकी बाहेर काढावी, विजेच्या तारा नव्याने भराव्यात, धुराची सूचना देणारे यंत्र बसवावे, खोलीला बाहेर उघडणारे दुसरे दार किंवा निदान माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी असावी, दाराला आतली कडी आणि पाहण्याचे भोक असावे, आणि गच्चीच्या दाराला आतून किल्लीवाचून उघडणारा अडसर लावावा. काही मालकांनी महिन्याच्या आत कामे करून घेतली. जलीबच्या त्या इमारतीच्या मालकाने अडसर आणि तारा मान्य केल्या, खिडकीचा खर्च मात्र पुढच्या वर्षावर ढकलला आहे. अर्जाची दुसरी प्रत, भिंतीच्या मोजमापांसह आणि दोन गवंड्यांच्या दरपत्रकांसह, या रविवारी त्याच्याकडे जाईल. ती घेऊन मी स्वतः जाणार आहे, आणि या वेळी हाजीलाही सोबत नेणार आहे.