चातुर्मासाचा घरगुती नियम

आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मासाचा प्रारंभ होतो. आदल्या कांदेनवमीस घरोघरी भजी-थालीपिठे होतात आणि मग कांदा, लसूण, वांगी कार्तिकी एकादशीपर्यंत वर्ज्य ठरतात. हे नियम आपल्या घरांतून निष्ठेने पाळले जातात. परंतु नियम म्हणजे केवळ त्याग नव्हे. आपला वेळ घरातील माणसासाठी देणे हाही नियमच होय. आणि तो अधिक कठीण. ताटातील पदार्थ सोडवतो, हातातील आवडते काम सोडवत नाही.

प्रस्तुत लेखक पंढरपुरातील एक कीर्तनसेवक. कीर्तन रात्री रंगते, पण त्याची जुळणी पहाटे होते. पूर्वरंगातील निरूपण योजावे, श्लोकांचा अन्वय पडताळावा, उत्तररंगातील आख्यानाची पदे घोळवावी, यात सकाळ सरते. दुपार मात्र माझ्या छंदाची. जीर्ण पोथ्यांची स्वहस्ते नक्कल करण्याचा हा छंद फार जुना आहे. बोरूखाली बाळबोध अक्षर उतरू लागले की तहानभूक हरपते.

गेल्या काही वर्षांत आमच्या मंडळींची दृष्टी हळूहळू मंदावली. डाळ-तांदळाचे डबे त्या हाताने चाचपून ओळखतात; मोहरी तडतडली की फोडणी झाली हे कानांनी जाणतात. संसार अडला नाही. नित्याचे ज्ञानेश्वरीवाचन मात्र थांबले. एकदाच म्हणाल्या, “अहो, पोथी तेवढी राहिली.”

ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. चातुर्मासाचे दिवस सुमारे १२०. रोज ७५ ओव्या वाचल्या की ग्रंथ पूर्ण होतो. तेवढ्यासाठी दुपारचा बोरू बाजूला ठेवला आणि मोठ्याने वाचन आरंभिले. श्रोत्या एकट्याच, पण जागरूक! कीर्तनातील सभा मान डोलावते, या मध्येच थांबवून विचारतात, “या शब्दाचा अर्थ काय सांगाल?” व्याकरणाने दिलेले उत्तर त्यांस पुरत नाही; ते स्वयंपाकघरातील दाखल्यापर्यंत आणावे लागते. तोच दाखला पुढे कीर्तनात उपयोगी पडतो. शेवटच्या दहा ओव्या आता दहा वर्षांची नात वाचते. ती जुन्या शब्दाशी अडखळली की आजी मुखोद्गत चरण पुढे म्हणते. डोळे गेले, ओवी गेली नाही.

आपल्या परंपरेत याला थोर आधार आहे. श्रीएकनाथ महाराज पैठणचे गृहस्थाश्रमी. १५७३ मध्ये त्यांनी वाराणसीत एकनाथी भागवत पूर्ण केले आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. १२९० मधील तो ग्रंथ पुढील पिढ्यांना शुद्ध स्वरूपात लाभावा, म्हणून त्यांनी हा व्यासंग केला. आणि तो प्रपंच सांभाळून केला. पोथी शुद्ध लिहिली जावी हे खरेच, परंतु ती कोणाच्या तरी कानी पडावी यासाठीच ते श्रम असतात.

वाचकहो, आपल्याही घरी कोणाची दृष्टी अधू असेल, कोणाचे गुडघे मंदिराची पायरी चढू देत नसतील. यंदा कांदा-लसूण अवश्य सोडावा. त्याबरोबर दिवसाची अर्धी घटका त्या माणसाजवळ बसून एखादा अध्याय, एखादे स्तोत्र वाचावे. वाचताना घाई करू नये आणि विचारलेल्या प्रश्नास टाळू नये. कार्तिकी एकादशीस नियमाची सांगता होईल, तेव्हा घरातील लेकरांनाही ते वाचन आपले वाटू लागलेले असेल.