लग्नानंतरचा व्हिसा

'मुलगा अमेरिकेत आहे' एवढे ऐकले की आपल्याकडे पुढची चौकशी थांबते. वास्तविक ती तेथूनच सुरू व्हावयास हवी. मुलगा तेथील नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे की नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, यावर मुलीची पुढील कित्येक वर्षे अवलंबून असतात.

१९४६ च्या कायद्याने साऱ्या भारताच्या वाट्याला वर्षाला सुमारे १०० जागा आल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने ती पद्धत रद्द करून कुटुंबाच्या एकत्र येण्याला महत्त्व दिले. आज नागरिकाच्या पत्नीला किंवा पतीला संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीचा मात्र वार्षिक मर्यादेत समावेश होतो. एच-१बी व्हिसावरील नवऱ्याला कायम वास्तव्यासाठी पत्नीचा असा अर्ज करताच येत नाही. ती एच-४ वर अवलंबित म्हणून जाते, आणि बहुतेकींना नोकरीची मुभा नसते. एम.एस्सी. झालेल्या मुलीने हे आधीच जाणून घेतलेले बरे!

अर्ज (आय-१३०) नवऱ्याने करावयाचा. तो मंजूर झाला की कागदपत्रे व्हिसा केंद्राकडे जातात. नंतर वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. आपल्याला त्यासाठी गोंदिया गाठून विदर्भ एक्सप्रेस धरावी लागते, पण तो प्रवास सोपा. अवघड आहे ते नावाचे प्रकरण. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले तिसरे! त्यातून बालाघाटचे दाखले हिंदीत, म्हणजे इंग्रजी भाषांतर आलेच. ही एकच व्यक्ती आहे हे परक्या अधिकाऱ्याला पटवावे लागते. लग्नपत्रिका आणि फोटो पुरत नाहीत. विवाहनोंदणीचा दाखला हवा. म्हणून नोंदणी लग्नाच्याच आठवड्यात उरकावी, आणि नाव बदलण्याची हौस असल्यास तिचाही फेरविचार करावा.

नवऱ्याला आणखी एक कागद द्यावा लागतो: पोषणाची हमी, म्हणजे आय-८६४. त्याचे उत्पन्न सर्वसाधारणपणे तेथील दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. कमी पडल्यास दुसरा हमीदार चालतो. ही हमी म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. पत्नी तेथील नागरिक होईपर्यंत, किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत, ती साधारणतः टिकते. घटस्फोटानेही ती संपत नाही, आणि पत्नी तिच्या आधारे न्यायालयात जाऊ शकते. सासरच्यांना हे ठाऊक असते की नाही कोण जाणे. मुलीला मात्र ठाऊक असावे.

तेथे पोहोचताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर ग्रीन कार्डही दोनच वर्षांचे, सशर्त मिळते. खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी १९८६ साली हा नियम आला. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करावयाचा असतो. नवऱ्याने सही नाकारली, मारहाण केली किंवा संसार मोडला, तर पत्नीला एकटीने अर्ज करून सवलत मागता येते. तेव्हा 'सही हवी असेल तर मुकाट्याने राहा' अशी धमकी कोणी दिली, तर ती कायद्याला धरून नाही.