घडी, उठाव आणि छेद : हाताने घडवलेल्या भेटकार्डाचे तंत्र

मधोमध दुमडलेला, बाहेरून सजवलेला आणि आतून मजकुरासाठी मोकळा ठेवलेला जाड कागद, अशी भेटकार्डाची साधी व्याख्या करता येते; परंतु हाताने तयार केलेल्या कार्डाकडे कारागिरी म्हणून पाहू लागले, की पुस्तकबांधणी, मुद्रण, ठशांचे कोरीवकाम आणि वास्तुरेखन या चार निरनिराळ्या व्यवसायांची तंत्रे त्या एका दुमडीत एकत्र आलेली दिसतात. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुले दिवाळीसाठी किंवा शिक्षकदिनासाठी कार्डे करतात, त्यामुळे हा विषय बालहस्तकलेपुरता आहे असा समज आपल्याकडे रूढ झाला असून तो या कलेवर अन्याय करणारा आहे. त्याहून खोल रुजलेला दुसरा समज असा, की हाताने केलेले कार्ड आणि यंत्राने केलेले कार्ड हे परस्परविरोधी प्रवाह आहेत. इतिहास याला दुजोरा देत नाही. आज ओळखीचे असलेले हस्तनिर्मित कार्ड आरंभापासूनच यंत्राने पुरवलेल्या साहित्याची हाताने केलेली जुळवणी आहे, आणि कागदाच्या स्वभावाची जी दखल हात घेतो तीवरच त्याचे हस्तनिर्मितपण ठरते.

म्हणूनच या कामातला पहिला निर्णय कागदाचा असतो. कागदाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो यावरून सांगतात. छपाईचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, तर कार्डासाठी साधारणपणे २०० ते ३०० जीएसएमचा कार्डपेपर घेतात, कारण त्याहून पातळ कागद उभा राहत नाही आणि त्याहून जाड कागद नीट दुमडत नाही. वजनाइतकाच महत्त्वाचा, पण दुकानात सहसा कोणी न विचारणारा गुण म्हणजे कागदाचा ग्रेन. यंत्रावर कागद तयार होताना पाण्यात कालवलेला लगदा धावत्या जाळीवर पसरतो आणि त्यातले बहुतेक तंतू जाळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला वळून बसतात. तंतूंच्या या दिशेला ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घातलेली घडी सहज आणि सरळ पडते, तर ग्रेनला आडवी घडी घातली की तंतू तुटतात, घडीची धार फुटते आणि वरून रंग दिलेला कागद असेल तर त्याच्या पोटातला पांढरेपणा रेघेसारखा उघडा पडतो. ग्रेन ओळखण्यासाठी कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहतात. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या वाकाच्या रेषेला ग्रेन समांतर असतो. ए४ आकाराचा, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटरचा कागद बहुधा लांबीच्या दिशेने ग्रेन असलेलाच मिळतो, आणि तो अख्खा मधोमध दुमडून मोठे कार्ड केले तर घडी नेमकी ग्रेनला आडवी जाते. तोच कागद आधी आडवा कापून त्याचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा पुन्हा निम्मा दुमडला, तर मात्र ग्रेन घडीच्या बाजूला येतो आणि लहान कार्ड स्वच्छ मिटते. कागद तोच असूनही एक कार्ड फुटते आणि दुसरे फुटत नाही, याचे कारण हातातल्या कौशल्याआधी कापण्याच्या क्रमात असते.

जिथे ग्रेनला आडवे जाण्यावाचून गत्यंतर नसते, तिथे क्रीजिंग कामी येते. घडी घालण्यापूर्वी घडीच्या रेषेवर बोथट टोकाने दाब देऊन खाच पाडणे म्हणजे क्रीजिंग. छापखान्यात हे काम यंत्रावर होते. हाताने काम करणारा त्यासाठी बोन फोल्डर वापरतो. जनावराच्या हाडापासून घासून केलेली, एका टोकाला निमुळती अशी ही चपटी पट्टी पुस्तकबांधणीच्या कारखान्यांतून कार्ड करणाऱ्यांच्या टेबलावर आली. पट्टीच्या कडेने खाच पाडली की कागदाच्या दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा उठतो, आणि नवख्यांचा गोंधळ होतो तो इथेच, कारण खाचेच्या बाजूला कागद आपसूक मिटेल असे वाटते. प्रत्यक्षात खाच बाहेर आणि उंचवटा आत राहील अशा रीतीने दुमडायचे असते. दाबामुळे त्या रेषेवरचे कागदाचे थर एकमेकांपासून सुटतात आणि दुमडताना ते सुटलेले थर आतल्या बाजूला फुगू शकतात, त्यामुळे बाहेरच्या थरावरचा ताण घटतो आणि घडीची धार फुटत नाही. यानंतर घडीवरून पट्टी आडवी फिरवून ती बसवतात. मात्र गडद रंगाच्या कागदावर पट्टी थेट घासली की चकाकीचा पट्टा उमटतो आणि तो पुन्हा जात नाही, म्हणून मध्ये साधा कागद ठेवूनच दाब देतात. सगळ्या क्रियेला मिनिटभरही लागत नाही, तरी कार्डाचा दर्जा ओळखण्यासाठी जाणकार सजावटीआधी हीच घडी बोटाने तपासतात.

या कलेचा इतिहास टपालाच्या इतिहासाशी बांधलेला आहे. ब्रिटनमध्ये १० जानेवारी १८४० रोजी देशभर एकच दर असलेली पेनी पोस्ट सुरू झाली. तोवर पत्राचा टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, त्यामुळे पाकीट हाही एक जादा कागद धरला जाई आणि पाकिटातून काही पाठवणे म्हणजे दुप्पट पैसे मोजणे होते. नव्या पद्धतीत अर्ध्या औंसापर्यंतच्या टपालाला एक पेनी पुरू लागली, म्हणजे आकारणी संख्येवरून वजनावर आली, आणि थरांवर थर चढवलेले नाजूक कार्ड पाकिटात घालून पाठवणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. या टपालसुधारणेसाठी झटलेले हेन्री कोल यांनी १८४३ साली जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेतले आणि त्याच्या सुमारे १००० प्रती छापून प्रत्येकी एक शिलिंगला विक्रीस ठेवल्या. व्यापारी नाताळकार्डाचा आरंभ म्हणून ही घटना नेहमी सांगितली जाते. तिच्यातला लक्षणीय तपशील असा, की कार्डाच्या रेषा शिळाछापाच्या होत्या आणि रंग मात्र प्रत्येक प्रतीत हाताने भरलेले होते.

त्याच काळात व्हॅलेंटाइन कार्डांनी कागदाच्या कामाला वेगळीच उंची दिली. त्यांचा प्राण होता जाळीदार कागद, ज्याला लेस पेपर म्हणतात. ठशावर दाबून कागदाला उठाव देण्याची, म्हणजे एम्बॉसिंगची पद्धत आधीपासून होती. लंडनच्या डॉब्ज या कागदव्यावसायिकांकडे काम करणाऱ्या जोसेफ ॲडनब्रुक यांच्या हातून १८३४ साली उठावाची टोके घासली गेली, तिथे छिद्रे पडली आणि विणलेल्या लेससारखा कागद हाती आला, अशी या शोधाची हकीकत दिली जाते. पद्धत मात्र निश्चित माहीत आहे. कागद ठशावर असतानाच वर आलेले भाग घासून काढायचे आणि उरलेली नक्षी सोडवून घ्यायची.

हा इंग्लिश कागद अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर या गावी पोहोचला आणि एस्थर हाउलंड यांच्या हाती त्याचा उद्योग झाला. माउंट होलियोक येथील शिक्षण १८४७ साली पूर्ण करून घरी परतलेल्या या तरुणीच्या वडिलांचे पुस्तके आणि लेखनसाहित्याचे दुकान होते. इंग्लंडहून आलेले एक व्हॅलेंटाइन पाहून त्यांनी तसे नमुने तयार केले, विक्रीच्या दौऱ्यावर निघालेल्या भावाबरोबर ते दिले, आणि अपेक्षा दोनशे डॉलरची असताना पाच हजार डॉलरहून अधिक रकमेच्या मागण्या आल्या असे सांगतात. एकटीने उरकणारे हे काम नव्हते. हाउलंड यांनी घरातच ओळखीच्या मुली बसवल्या आणि काम वाटून दिले: एकीने छापील रंगीत चित्रे कापायची, दुसरीने पार्श्वभूमी तयार करायची, तिसरीने नमुना समोर ठेवून थर चिकटवायचे. जाळीदार कागदाखाली चकचकीत रंगाचा तुकडा ठेवून जाळीची नक्षी उठवणे, आणि कागदी पट्टीच्या घड्यांच्या स्प्रिंगा करून वरचा थर मागच्या थरापासून उचलून धरणे, या त्यांच्या कार्डांच्या खुणा होत. जाळी यंत्राची, चित्रे छापील, आणि तरी ही कार्डे हस्तकलेचा मानदंड मानली जातात, कारण कोणता थर किती उचलायचा, कोणत्या रंगावर कोणती जाळी टाकायची, हा सारा विचार हाताचा होता. १८८० च्या सुमारास हा उद्योग जॉर्ज व्हिटनी यांच्याकडे गेला. आजच्या कार्डकलेतील थररचनेचे मूळ शोधायचे तर ते वूस्टरच्या त्या घरात सापडते, आणि ज्या मुलींच्या बोटांनी ती घडली त्यांचीही आठवण या कलेच्या इतिहासात राहिली पाहिजे.

लेस पेपरमागचे, दाबाने कागद उठवण्याचे तत्त्वच आजच्या कोरड्या उठावात चालते. कोरडा उठाव देताना कापलेल्या नक्षीचा पत्रा कागदाखाली ठेवून गोळीच्या टोकाच्या लेखणीने कागद त्याच्या पोकळीत दाबतात. पारभासी पार्चमेंट कागदावर असा दाब मागून दिला, की ताणलेल्या जागी कागद पांढरा होत जातो. दाब जितका संथ आणि वारंवार, तितका पांढरा दाट, त्यामुळे रंगाचा थेंबही न वापरता राखाडीपासून शुभ्रापर्यंतच्या छटा मिळतात. उष्ण उठावाची रीत निराळी आहे. सावकाश सुकणाऱ्या शाईने शिक्का उमटवायचा, ती ओली असतानाच तिच्यावर राळेसारख्या पदार्थाची बारीक पूड भुरभुरायची, जादा पूड झटकून परत डबीत घ्यायची आणि उष्ण हवेच्या झोताने उरलेली पूड वितळवायची. वितळण्याचा क्षण डोळ्यांना स्पष्ट दिसतो: दाणेदार, निस्तेज रेघ एका टोकापासून चकाकत जाते. तिथेच झोत पुढे न्यायचा असतो, कारण जास्त उष्णतेने पूड कागदात मुरते, रेघ सपाट आणि तेलकट दिसते, आणि कागदही वाकतो.

कापण्याचे काम आता बव्हंशी हाताने फिरवायच्या लहान डायकटिंग यंत्रावर होते. डाय म्हणजे धारदार कडेचा धातूचा साचा. कागद आणि डाय दोन कठीण पट्ट्यांच्या मध्ये ठेवून हा संच दोन रुळांमधून फिरवतात. रुळांमधले अंतर ठरलेले असल्याने संचाची जाडी जमणे हेच यातले मर्म आहे. पट्ट्या वापरून झिजल्या आणि नक्षीचा एखादा कोपरा कापला जाईना, तर तिथे साध्या कागदाचा एक तुकडा सारून जाडी भरून काढतात. छापखान्यातला मशिनमन ठशाखाली कागद लावून दाब सारखा करतो, ती युक्ती हीच. कार्डाच्या दर्शनी पानाला अशी खिडकी कापली की आतल्या पानावरचे चित्र बाहेरून दिसते.

छेद आणि घडी यांचा सर्वांत बुद्धिगम्य संयोग उभ्या राहणाऱ्या, म्हणजे पॉप-अप कार्डात होतो. तोक्यो येथील वास्तुशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी एकाच कागदातून, काहीही न चिकटवता, फक्त छेद आणि घड्यांनी इमारती उभ्या करण्याची ओरिगामिक आर्किटेक्चर ही शाखा विकसित केली. तिचे गणित सोपे आणि सुंदर आहे. कार्ड काटकोनात उघडल्यावर ५ सेंटिमीटर उंच आणि मागच्या पानापासून २ सेंटिमीटर पुढे आलेला ठोकळा उभा करायचा असेल, तर मधल्या घडीच्या वर ५ सेंटिमीटरपासून खाली २ सेंटिमीटरपर्यंत दोन समांतर छेद घेतात. छेदांची वरची टोके जोडणारी आणि खालची टोके जोडणारी, अशा दोन घड्या आत वळतात, आणि वरच्या टोकापासून २ सेंटिमीटर खाली, म्हणजे मधल्या घडीच्या ३ सेंटिमीटर वर, एक घडी बाहेर वळते. दोन छेदांमधल्या भागात कार्डाची मूळ घडी मात्र मुळीच दाबायची नाही. ती दाबली गेली की ठोकळ्याच्या पुढच्या भिंतीवर कायमची सुरकुती राहते. समोरासमोरच्या बाजू समान असल्याने ठोकळ्याचा बाजूचा आकार कार्ड मिटताना समांतरभुज चौकोन होत सपाट बसतो, आणि उंची व खोली यांची बेरीज पानाच्या उंचीपेक्षा कमी ठेवली तर मिटल्यावर काहीही बाहेर डोकावत नाही.

कागदाच्या अरुंद पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्याचे क्विलिंग महाराष्ट्रात सध्या फार लोकप्रिय आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात ते घरंदाज स्त्रियांचे काम होते आणि जेन ऑस्टेन यांच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या १८११ सालच्या कादंबरीत त्याचा उल्लेख येतो. मराठी घरांत कागदकामाची स्वतःची परंपराही आहे: आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांसाठी पतंगी कागदाच्या घड्या घालून समान अंतरावर कातरणारा हात कार्डावरची किनारही तितक्याच सफाईने कापतो. परंतु महाराष्ट्राचा या कलेशी खरा दुवा कागदाचाच आहे. जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही हातकागदाची जुनी ठिकाणे, आणि पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून १९४० साली उभी राहिलेली हातकागद संस्था ही त्या परंपरेची आधुनिक कडी. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो. कारागीर जाळीची चौकट लगद्याच्या हौदात बुडवून वर उचलतो आणि पाणी निथळत असतानाच ती हलवून लगदा सारखा पसरवतो, त्यामुळे तंतू सर्व दिशांना गुंफले जातात आणि यंत्राच्या कागदासारखा ठळक ग्रेन तयार होत नाही. सुती तंतू लांब आणि चिवट असतात. या दोन गुणांमुळे हातकागदाचे कार्ड कोणत्याही दिशेने दुमडले तरी घडीची धार सहसा फुटत नाही, आणि यंत्राचा कागद ज्यासाठी क्रीजिंगची मदत मागतो ते इथे बरेचसे कागदाच्या घडणीतच साधलेले असते. त्याच्या न कापलेल्या, तंतू सुटलेल्या कडा कार्डावर तशाच राखणे हा सजावटीचा उत्तम उपाय आहे. कात्रीने त्या सरळ करणे म्हणजे कारागिराची खूण पुसणे.

जोडणीत पाण्याचा अंश असलेला पांढरा डिंक जपून वापरावा लागतो, कारण ओले तंतू फुगतात आणि मोठा तुकडा चिकटवल्यावर पान धनुष्यासारखे वाकते. म्हणून मोठ्या पृष्ठांना दुहेरी चिकटपट्टी आणि डिंक फक्त बारीक तुकड्यांना, असा शिरस्ता आहे. वरचा थर उचलून धरण्यासाठी फोमची पट्टी लावली की त्याची सावली खालच्या थरावर पडते आणि कागदी स्प्रिंगांचे काम कमी मेहनतीत होते. मात्र पाकिटाचा विचार तेव्हाच करावा लागतो. पाकीट कार्डापेक्षा लांबी-रुंदीत काही मिलिमीटर मोठे घेतात, आणि कार्ड जाड असेल तर त्याच्या तिन्ही कडांना जाडीइतकी वाढीव जागा देऊन, दुहेरी खाच पाडून पेटीसारखे पाकीट घरीच करतात. टपालाच्या यंत्रांतून जाताना उंचवटे दबतात, म्हणून कार्डाच्या दर्शनी बाजूवर पाकिटात एक कडक पुठ्ठा सरकवतात आणि वजन करून मगच तिकिटे लावतात.