लाट आणि बांध

वाशिष्ठी नदी जेथे सागरास मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर दाभोळ हे प्राचीन बंदर वसले आहे. पैलतीरी अंजनवेलनजीक द्रवरूप नैसर्गिक वायू आणणाऱ्या जहाजांचा धक्का आहे. २०१३ साली तो सुरू झाला; परंतु लाटा अडविणारा बांध अपुरा असल्यामुळे पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागू शकत नसत. उसळत्या पाण्यात जहाज धक्क्याशी स्थिर कसे राहावे?

मग समुद्रात उभी भिंत घातली म्हणजे झाले, असे कोणास वाटेल. परंतु भिंतीवर आपटलेली लाट नाहीशी होत नाही. ती माघारी फिरते. माघारी फिरलेली व मागून येणारी अशा दोन्ही लाटा एकमेकींत मिसळतात आणि भिंतीपाशी पाणी जवळजवळ दुप्पट उंच चढते. पायथ्याची वाळूही उकरली जाते, हे आणखी वाईट!

म्हणून अशा ठिकाणी बहुधा दगडांचा उतरता ढीग रचून त्यावर काँक्रीटचे ओबडधोबड ठोकळे बसवितात. उतारावर चढताना लाट फुटते, फटीफटींत शिरते आणि तिचा बहुतेक जोर तेथेच खर्ची पडतो. थोडी लाट परतते, थोडी फटींतून वा माथ्यावरून पलीकडे जाते. लांब लाटा मात्र सहजी दमत नाहीत.

पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत लांब हौदांमध्ये यंत्राने लाटा उठवून त्या बांधांच्या लहान प्रतिकृतींवर सोडतात. कोणता ठोकळा हलला, किती पाणी पलीकडे गेले, हे तेथे बारकाईने मोजले जाते.