लहान चणीचा शिक्षक, धिप्पाड शिष्य

व्यायाम शिकविणारा मनुष्य शिष्याहून धिप्पाड असावा, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नव्हे. कलकत्त्याचे मनोहर आइच यांची उंची अवघी ४ फूट ११ इंच होती. तथापि १९५२ सालीं त्यांनीं ‘मिस्टर युनिव्हर्स’ स्पर्धेंत आपल्या गटांत विजय मिळविला, आणि वृद्धापकाळींहि आपल्याहून उंच तरुणांना व्यायामाचे धडे दिले.

बाकावर उताणें निजून भार उचलणाऱ्या शिष्याच्या उशाशीं शिक्षक उभा असतो, तो सर्व भार पेलण्याकरितां नव्हे. शिष्याचें बळ किंचित् उणें पडलें, कीं तेवढीच भर त्यानें घालावयाची. परंतु शिष्याचे हात सर्वस्वी गळाले, तर शंभर किलोंची दांडी छातीवर येते. तेव्हां शिक्षकाचा अभिमान उपयोगी पडत नाहीं. म्हणून भार आपल्या आटोक्याबाहेरचा दिसतांच दोहों बाजूंस लोखंडी आधार लावावे, अथवा दुसरा मदतनीस बोलवावा.

स्थूल शिष्याची गोष्ट निराळी. त्याचा देह हेंच त्याचें ओझें असतें. कृश शिक्षकाला जी बैठक सहज साधते, ती त्याच्या गुडघ्यांची परीक्षा ठरते. त्याला आधीं खुर्चीवरून उठबस करावयास सांगावें, आणि त्याला धाप लागलेली पाहून चारचौघांत हंसूं नये. एकदां लाजलेला विद्यार्थी पुन्हां प्रश्न विचारीत नाहीं, हें मीं शाळेंत पाहिलें आहे. येथें तर तो पुन्हां येतच नाहीं.