आधी डॉक्टर, मग सुंता

दर दोनशे ते तीनशे मुलग्यांमागे साधारण एकजण एक जन्मजात दोष घेऊन येतो, आणि त्याविषयी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. लघवीचे छिद्र शिश्नाच्या टोकाला नसते, खालच्या बाजूला असते. डॉक्टर याला हायपोस्पेडियास म्हणतात. कधी शिश्नाला खाली बाक असतो. पुढची कातडी खालून अपुरी आणि वरून टोपीसारखी दिसते.

मी डॉक्टर नव्हे. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण अकोल्यात आमच्या मोहल्ल्यातले लोक दवाखान्याचे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. त्यातून जे समजून घेतले ते सांगतो.

आमच्या मुसलमान घरांत अशा बाळाला पाहून ‘हा तर खतना होऊनच आला’ असे कौतुकाने म्हणतात. मग डॉक्टरला दाखवायचे राहून जाते. काही घरांत उरलेली कातडी काढून सुंता उरकतात. दोन्हींत नुकसान बाळाचे. का, ते शस्त्रक्रिया समजली की कळते.

छिद्र टोकाजवळच असेल तर ते थोडे पुढे सरकवून भागते. अमेरिकेतील डॉ. डकेट यांनी १९८१ साली मांडलेली ‘मॅगपी’ पद्धत ही अशी. छिद्र जरा खाली असेल तर आज बहुधा डॉ. स्नॉडग्रास यांची १९९४ची पद्धत वापरतात. तीत मूत्रमार्गाच्या जागी असलेल्या पट्टीला मधोमध उभी चीर देतात. पट्टी रुंद होते आणि तिचीच नळी वळतात. वरून बहुधा पुढच्या कातडीखालच्या पातळ थराचे अस्तर लावतात. फ्रान्सच्या मॅथ्यू यांची १९३२ची पद्धत वेगळी. तीत छिद्राखालची कातडी उलटवून नळी पुरी करतात.

बाक जास्त, छिद्र फार खाली, पट्टी अपुरी, तर नळीसाठी वेगळी कातडी लागते. आग्र्याच्या डॉ. हरिशंकर असोपा यांनी १९७१ साली पुढच्या कातडीची नळी करून एकाच टप्प्यात दुरुस्ती करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. इंग्लंडच्या डॉ. ब्राका यांची पद्धत दोन टप्प्यांची. आधी बाक सरळ करून कातडीचा तुकडा बसवायचा. तो रुजला की सुमारे सहा महिन्यांनी नळी वळायची.

आईबाप विचारतात, एकाच वेळी का होत नाही? अवघड दोषात दोन टप्पे घेणे म्हणजे पहिले ऑपरेशन फसले असे नव्हे. एका टप्प्यात एक भूल वाचते, पण दोष मोठा असेल तर नळी आखडण्याचा किंवा टाक्यांतून लघवी झिरपण्याचा धोका वाढतो. कोणती पद्धत घ्यायची ते छिद्राची जागा, बाक आणि पट्टी पाहून सर्जन ठरवतो.

शिंप्याला जोड द्यायला त्याच थानाचे कापड लागते. इथे ते कापड म्हणजे पुढची कातडी. सुंतेत ती गेली तर दुरुस्ती अशक्य होत नाही, पण अवघड दोषात गालाच्या आतले अस्तर काढून वापरण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून माझी विनंती आहे. बाळ जन्मले की लघवीची जागा आणि धार पाहा. शंका असेल तर सुंता थांबवा. माझ्या समजुतीप्रमाणे इलाजासाठी खतना लांबला तर दीनात बाधा येत नाही. बहुतेकदा याच ऑपरेशनात तोही होऊन जातो. दावत वर्षभराने दिली तरी पाहुणे येतातच.

ऑपरेशनचे योग्य वय साधारण सहा ते अठरा महिने. छिद्र फार खाली असेल किंवा अंडगोळ्या हाताला लागत नसतील, तर बाळाला विनाविलंब दाखवावे. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खेड्यापाड्यांत २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येतात. त्यांना लाज न बाळगता सांगा. खर्च शासकीय योजनेत बसतो का, तेही विचारा. आणि ऑपरेशननंतर मूल वयात येईपर्यंत अधूनमधून तपासून घेत जा.